गावाचे नाव : निरंक

"तुमीच पोर्टल का?" असं पलीकडून एका बाईनं विचारलं, तेव्हा मी खराडीतल्या ऑफिसात डबा उघडत होतो.

तीन वर्षं मी तिथे नेमकं काय करतो, हे वडिलांना वणीला फोनवर सांगायचा प्रयत्न करत होतो. इतकं सुटसुटीत उत्तर मला कधी सुचलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "बोला."

"मंग आमच्या वस्तीचं पानी तुमी बंद केलंय."

आमच्या पोर्टलच्या 'संपर्क' पानावर माझा मोबाइल नंबर होता. टेस्टिंगच्या वेळी मीच टाकलेला, कारण तिथे काहीतरी टाकल्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं. नंतर बदलायचा असं ठरलं होतं. आमच्या प्रोजेक्टमध्ये बहुतेक सगळ्या गोष्टी 'नंतर' करायच्या असल्यामुळे तिथे फार गर्दी झाली होती.

पोर्टलचं काम कागदावर सोपं होतं. देशात जंगलवाल्यांचा नकाशा वेगळा, पाटबंधारेवाल्यांचा वेगळा, रस्तेवाल्यांचा वेगळा. तिन्ही एकावर एक ठेवले की रस्ता धरणातून जातो आणि जंगल चौकात येतं. तर हे सगळे नकाशे एका ठिकाणी आणायचे, म्हणजे कुठल्याही खात्याला दुसऱ्याचा नकाशा घरबसल्या वापरता येईल. खात्यांना कल्पना आवडली. प्रत्येक खातं म्हणालं, दुसऱ्यांचे नकाशे जरूर द्या. आमच्याकडे नकाशा आहे एवढं आम्ही सांगू. नकाशा देता येणार नाही. त्यामुळे पहिल्या दोन वर्षांत आम्ही जे उभं केलं, ते लग्नपत्रिकेवर पक्वान्नं छापून हॉलचा पत्ता न दिल्यासारखं होतं. शिवाय नकाशातल्या नद्या कुठल्या रंगात दाखवायच्या यावर आठ महिने गेले. समितीतल्या एका सदस्यांचं म्हणणं होतं, त्यांच्या भागात नदी निळी नसते. दुसऱ्यांचं म्हणणं होतं, त्यांच्या भागात नदीच नसते. शेवटी निळ्या रंगाला तत्त्वतः मान्यता मिळाली. तोवर आमच्या टीममधली नऊ माणसं दुसऱ्या कंपन्यांत गेली होती. मी राहिलो. निष्ठा वगैरे काही नाही, मुलाखतीला जाण्याइतकी उमेद नव्हती.

एकच गोष्ट खरोखर चालत होती, ती म्हणजे वस्त्यांच्या नावांची यादी. कुठल्या वस्तीचं नाव काय आणि ती नेमकी कुठे आहे, एवढंच. पण ती यादी इतर ऑफिसांच्या वेबसाइटी आमच्याकडून उचलत होत्या. पाण्याच्या टँकरची मागणी नोंदवायची वेबसाइट त्यातलीच.

"आम्ही पाणी कसं बंद करू, मावशी? आमच्याकडे फक्त नावं आहेत."

"त्येच म्हंते मी. टँकरच्या हापिसातल्या मानसानं लिहून दिलंय. वाचू?" कागद उलगडल्याचा आवाज आला. तिनं एकेक अक्षर लावत वाचलं. "'वस्ती, निरंक. सबब मागनी, निरंक.' खाली तुजा नंबर. म्हनला, नाव वरनं आसंच येतंय, त्यास्नीच इचारा."

मी डब्याचं झाकण परत लावलं.

ज्यांच्या घरात कुणी सरकारी नोकरीत नव्हतं त्यांच्यासाठी सांगतो. माझे वडील वणीला पंचायत समितीत कारकून होते, त्यामुळे मी हा शब्द बाराखडीच्या आधी शिकलो. निरंक म्हणजे काही नाही. पण नुसतं 'काही नाही' नव्हे. तक्त्यातला रकाना रिकामा सोडला तर वरून प्रश्न येतो, की माहिती का भरली नाही? 'निरंक' लिहिलं की माहिती भरली, आणि माहिती अशी की काही नाही. वडील घरीसुद्धा तसंच बोलायचे. "चहा नको, साखर निरंक आहे."

आमच्याकडे वस्त्यांचे जे तक्ते आले, त्यात पहिल्या रकान्यात अनुक्रमांक, दुसऱ्यात वस्तीचं नाव, तिसऱ्यात वस्तीचं दुसरं काही नाव असल्यास ते. बहुतेक वस्त्यांना एकच नाव असतं, म्हणून तिसऱ्या रकान्यात ओळीनं निरंक, निरंक, निरंक. काही तक्त्यांत अनुक्रमांकाचा रकानाच नव्हता. त्यामुळे सगळं एक घर डावीकडे सरकलं. नाव क्रमांकाच्या जागी जाऊन बसलं आणि निरंक नावाच्या जागी. हे पकडणारा प्रोग्रॅम मी लिहायचा होता. मी तो एका शुक्रवारी लिहिला. त्या दिवशी कुणाच्या तरी निरोपाचा केक होता.

अशा रीतीनं या राज्यात निरंक नावाच्या अकराशे त्रेचाळीस वस्त्या झाल्या. महिन्याभरानं चूक सापडली. यादी खात्याकडे परत गेली आणि दुरुस्त होऊन आली, असं मी धरून चाललो होतो. आता कॉम्प्युटरवर उघडून पाहिलं तर अकराशे बेचाळीस दुरुस्त होत्या. एक राहिली होती. पुण्याच्या कडेला, खडकवासल्याच्या पुढे, डोंगराच्या उतारावर. तिच्यापुढे हिरवी खूण होती आणि लिहिलं होतं, 'स्थळपडताळणी पूर्ण. नाव बरोबर.'

"मावशी, तुमच्या वस्तीचं नाव काय?"

"भैरूचा माळ."

"आणि तुमचं?"

"बायडाबाई. का? त्ये बी बदललंस का काय?"

*

नम्रता मॅडम आमच्या टीम लीड. कोथरूडहून रोज दीड तास गाडी चालवत येतात आणि त्यामुळे सकाळी साडेदहालाच संध्याकाळसारख्या दमून बोलतात.

"मॅडम, एक वस्ती चुकीची राहिलीये. त्यांचा टँकर बंद झालाय."

"टिकीट टाक."

"टाकलं. सिस्टीम दुरुस्तीचा अर्ज घेत नाहीये."

"का?"

कारण पहिल्या गोंधळानंतर मला उशिरा शहाणपण सुचलं होतं. मी सिस्टीममध्ये एक नियम घातला होता, की कुठेही निरंक हा शब्द एकटा आला की ते रिकामं समजावं. तो नियम इतर ऑफिसांना इतका आवडला की त्यांनीही तो उचलला. आता दुरुस्तीच्या अर्जात मी 'सध्याचे नाव: निरंक' भरलं, की सिस्टीम म्हणायची, 'कृपया सध्याचे नाव भरा.' मी परत भरायचो. ती परत विनंती करायची. फार नम्र सिस्टीम होती, मीच तशी केली होती.

"मग नियम काढ," मॅडम म्हणाल्या.

"काढला तर इतर रकान्यांतली दोन लाख निरंकं जागी होतील."

मॅडमनी डोळे मिटले. "खात्याला पत्र लिही. कागदावर."

मी कागदावर लिहिलं. विषय: 'निरंक' या वस्तीच्या नावाबाबत. तीन आठवड्यांनी खात्यातल्या कुलथे साहेबांचा फोन आला. पुण्यातले अधिकारी फोन करतात तेव्हा उपकार करत नाहीत, नोंद घेतात.

"आपलं पत्र मिळालं. आवक रजिस्टरला विषय निरंक लागलाय. विषयच नाही असं पत्र मी कुठल्या फाइलला लावायचं?"

"साहेब, विषय आहे. विषय निरंक आहे."

"तेच म्हणतोय मी."

"म्हणजे निरंक हे नाव आहे. वस्तीचं."

"आमच्या रेकॉर्डला तसंच आहे. मग हरकत काय आहे आपली?"

"ते नाव चूक आहे."

"बरं. मग बरोबर नाव?"

"भैरूचा माळ."

"पुरावा?"

"तिथे राहणारी माणसं, साहेब."

"माणसं काय, काहीही सांगतात," कुलथे साहेब म्हणाले. "आमचा माणूस प्रत्यक्ष जागेवर जाऊन आलेला आहे. शाळा, थांबा, देऊळ, फलक, यांपैकी कुठेही ते नाव लिहिलेलं आढळलं तर ते बरोबर धरतो. बाकी अकराशे बेचाळीस ठिकाणी आढळलं नाही. इथे आढळलं. आपण स्वतः जाऊन बघावं. ऊन कमी झाल्यावर जा."

बायडाबाईचा फोन मंगळवारी आणि शुक्रवारी यायचा. पूर्वी टँकर यायचा तेच वार.

"कुठवर आलं?"

"प्रक्रियेत आहे, मावशी."

"टँकर बी तितंच आडाकलाय वाटतं."

"थोडा वेळ लागतो."

"लागू दे की. आमी काय, खाली धरनाकडं बघत बसतो. सून म्हंती, एवढं दिसतंय त्ये काय कमी हाय का."

ती कधी ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. बाया सध्या दीड मैल खाली शेतातल्या एका विहिरीवर जात होत्या. विहीरवाला दोन-दोन कळश्या देत होता आणि तिसऱ्या कळशीला त्याला कुत्र्याला बांधायचं विसरायला होत होतं, असं तिनं एकदा हवापाणी सांगितल्यासारखं सांगितलं.

*

शनिवारी मी गेलो. खराडीहून निघून आख्खं पुणं ओलांडायचं म्हणजे दोन वेळा देश बदलल्यासारखं वाटतं. खडकवासला मागे टाकल्यावर एक कच्चा रस्ता वर चढतो. त्याच्या टोकाशी चाळीस घरं. प्रत्येक दारापुढे निळी पिंपं, सगळी आडवी पाडून दगड लावून ठेवलेली. उभी रिकामी पिंपं वाऱ्यानं गडगडतात म्हणे. आणि खाली, वहिनीनं नवी साडी पसरून दाखवावी तसं, धरणाचं पाणी.

बायडाबाई पंचावन्न-साठच्या. डोक्यावर पदर, हातात विळा. मला वाटलं माझ्यासाठीच, पण त्या गवत कापत होत्या.

"एवढासाच हायंस व्हय," त्या म्हणाल्या. "फोनवर थोराड वाटतोस."

"मावशी, इथे निरंक कुठे लिहिलंय का?"

"त्यो बघ की. आंधळा हायंस का?"

मी वळलो. इतका मोठा होता की मी त्याला डोंगराचाच भाग समजलो होतो. वीस फूट उंच फलक. 'निरंक हाइट्स. दहा मजले, एकशे वीस सदनिका, निसर्गाच्या कुशीत.' चित्रात निळाशार तरणतलाव होता आणि त्यात एक गोरं कुटुंब डुंबत होतं. फलकाखाली एक पत्र्याची शेड, शेडपुढे एक प्लास्टिकची खुर्ची आणि खुर्चीत वॉचमन. तेवढंच बांधकाम झालेलं होतं.

"ह्यो माजा दीर, धोंडिबा," बायडाबाई म्हणाल्या. "बिल्डिंग सांभाळतोय."

"कुठली बिल्डिंग?" मी विचारलं.

"व्हईल तवा व्हईल," धोंडिबा म्हणाले. "तवर कुनी चोरून नेऊ नये म्हनून."

फलकावर फोन नंबर होता. मी लावला. पलीकडची मुलगी इतकी उत्साही होती की मला दमायला झालं.

"टू बीएचके की थ्री, सर?"

"मला फक्त नावाबद्दल विचारायचंय. निरंक म्हणजे काय?"

"खूप जण विचारतात, सर! निरंक म्हणजे ज्याच्यावर अंक नाही असं. म्हणजे ज्याची किंमतच करता येत नाही. अनमोल! प्युअर संस्कृत आहे, सर. आणि एरियाचं ओरिजिनल नावच ते आहे. आमच्या टीमनं सरकारी नकाशात बघून घेतलंय."

"कुठल्या नकाशात?"

"ते नवीन पोर्टल आहे ना, सर, नॅशनल. एकदम ऑथेंटिक."

मी आभार मानले. बिल्डरनं नाव आमच्याकडून घेतलं होतं. खात्यानं नाव बिल्डरच्या फलकावरून पडताळलं होतं. आणि आम्ही ते खात्याकडून आलं म्हणून बरोबर धरलं होतं. मी कठड्यावर बसलो. हसू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही.

"भैरू कोण होते, मावशी?"

"सासरा माजा. हितं नुसता खडक व्हता. त्यानं पहारीनं फोडला, मंग बाकीची आली. तवाच्याला कुनी नाव इचारलं न्हाई. भैरूच्या माळावर जातो म्हनायची, तेच पडलं." त्यांनी विळा खाली ठेवला. "म्हातारा लई चिवट. आपल्या नावाची पाटी लावा म्हनायचा. आमी म्हनायचो, कशाला, सगळ्यास्नी म्हाईत हाय की."

मग त्या फलकाकडे बघत म्हणाल्या, "आमाला पानी न्हाई, कारन आमी निरंक. मंग ह्या फळीला मिळंल का?"

"म्हणजे?"

"ह्येचं नाव नुसतं निरंक न्हाई. फुडं आनि कायतरी हाय."

मी मोबाइल काढला. टँकरच्या वेबसाइटवर दोन पर्याय होते, वस्ती आणि गृहप्रकल्प. माझा नियम फक्त एकट्या निरंकला रिकामं समजत होता. 'निरंक हाइट्स' मध्ये तो एकटा नव्हता.

हे मला तीन महिन्यांत सुचलं नव्हतं. माझ्याकडे इंजिनिअरिंगची पदवी आहे.

धोंडिबांनी मला खुर्ची दिली. मी अर्ज भरला. प्रकल्पाचे नाव, निरंक हाइट्स. परिसर, निरंक, हे यादीतून आपोआप आलं; गृहप्रकल्पाला तिथे नाव लागत नव्हतं, यादीतली नोंद असली की पुरे. सध्या राहत असलेली कुटुंबं, चाळीस. ते खरं होतं. संपर्कासाठी व्यक्ती, धोंडिबा, पद 'व्यवस्थापन'.

"म्यानेजर केलं का काय मला?" धोंडिबांनी विचारलं.

"तुमच्याशिवाय इथे कुणीच नाहीये," मी म्हणालो.

मंगळवारी अकराला फोन आला. मागे इतका गलका होता की बायडाबाई काय म्हणाल्या ते कळलं नाही, पण पिंपात पाणी पडल्याचा आवाज कळला. मी त्या दिवशी डबा पूर्ण खाल्ला.

*

त्यानंतर सात आठवडे टँकर येत होता. मग एप्रिलच्या पहिल्या सोमवारी नम्रता मॅडम माझ्या टेबलापाशी आल्या. त्या हसत होत्या.

"तुझं काम झालं. भैरूचा माळ मंजूर."

"कसं?"

"दिल्लीत पोर्टलचं उद्घाटन आहे पुढच्या बुधवारी. त्यांना खरा नागरिक हवाय. सामान्य माणसानं तक्रार केली, पोर्टलनं नाव दुरुस्त केलं, असं थेट पडद्यावर दाखवायचंय. मी वरपर्यंत बोलले. कुलथे साहेबांनी एका दिवसात सही केली, म्हणजे बघ. बुधवारी मंत्रीमहोदय बटण दाबणार, निरंक जाणार, भैरूचा माळ येणार. टाळ्या."

मी पडद्याकडे बघत होतो. परिसर निरंक गेला की निरंक हाइट्सचा पत्ता अधांतरी. पत्ता अधांतरी झाला की टँकरची मागणी रद्द. आणि भैरूचा माळ ही सिस्टीमच्या दृष्टीनं नवी वस्ती. नव्या वस्तीला पाण्याची मागणी नोंदवायची तर आधी स्थळपडताळणी. मुदत नव्वद दिवस.

मी मॅडमना हे सांगितलं. त्या उभ्या होत्या, त्या बसल्या.

"नव्वद कमी करता येतील?"

"खात्याचा नियम आहे. कुलथे साहेब म्हणतील, घाईत पडताळणी केली की चुका होतात."

"म्हणतील," मॅडम म्हणाल्या.

"मी नावदुरुस्तीचा अर्ज मागे घेऊ का?"

"सुदर्शन, तुला कळतंय का? तीन वर्षांत या पोर्टलकडे एक खरा माणूस आला. एक. त्याची तक्रार आपण सोडवली. आणि आता ती सोडवलेली तक्रार तू मागे घेणार? मी दिल्लीला काय सांगू?"

त्यांनी माझ्या टेबलावरची पाण्याची बाटली उचलली, अर्धी प्यायल्या, आणि मग बाटलीकडे बघून खाली ठेवली.

"त्या बाईंना विचार," त्या म्हणाल्या. "नाव त्यांचंय."

मी जिन्यात जाऊन बायडाबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं.

"म्हंजी सासऱ्याचं नाव येनार? सरकारच्या नकाशात?"

"हो. दिल्लीत मोठ्या पडद्यावर दिसेल."

"कायमचं?"

"कायमचं."

"आन पानी?"

"नव्वद दिवस नाही."

पलीकडे कोंबडी ओरडत होती, कुणीतरी तिला हाकललं. जिन्याच्या भिंतीवर 'आपली कल्पना, देशाचा नकाशा' असं पोस्टर होतं. ते आमच्याच कुणीतरी लावलं होतं.

"म्हातारा आसता तर काय म्हनला आसता सांगू?" त्या म्हणाल्या. "म्हनला आसता, पाटी लावा. त्येला पानी वाहून आनायला आमी व्हतो, त्येचं काय जातंय."

"मग लावू?"

"न्हाई." मग बऱ्याच वेळानं, "आत्ता न्हाई. सुनंचा सातवा म्हैना सरलाय. ती विहिरीवर न्हाई जायची आता. नाव ऱ्हाऊ दे. पाऊस पडूं दे, आमचा झरा फुटूं दे, मंग बघ. तुजी नोकरी जाईल का?"

"नाही जाणार, मावशी. इथून कुणाला काढायचं म्हटलं तरी प्रक्रिया आहे."

"मंग बरं."

मी वर जाऊन अर्ज मागे घेतला. नम्रता मॅडमनी मागे उभं राहून बघितलं. मग त्यांनी दिल्लीला फोन केला. आमचा नागरिक आजारी पडलाय, असं सांगितलं. तिकडून विचारलं, बरा कधी होईल? मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

"जुलै," मी म्हणालो.

"जुलै," त्या फोनमध्ये म्हणाल्या. उद्घाटन पुढे गेलं नाही. बुधवारी मंत्रीमहोदयांनी बटण दाबून नद्या दाखवल्या.

*

शुक्रवारी मी रजा टाकून माळावर गेलो. काम काहीच नव्हतं. टँकर आला होता, पण पाइप सुटला नव्हता. ड्रायव्हर एक कागद घेऊन खाली उभा होता आणि त्याच्याभोवती चाळीस घरांतल्या बायका.

"नवीन नियम आलाय," तो मला म्हणाला. मी पँटीत शर्ट खोचलेला एकटाच होतो. "गृहप्रकल्पाला सदनिकेप्रमाणे सही पायजे. फ्लॅट नंबर, नाव, सही. त्याशिवाय सोडता येत नाही." त्यानं फलकाकडे पाहिलं. मग फलकामागच्या मोकळ्या डोंगराकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. "मला अजून चार ठिकाणी जायचंय. बिल्डिंग दाखवू नका, नुसते नंबर द्या."

मी कागद घेऊन धोंडिबांच्या खुर्चीत बसलो. एका मजल्यावर बारा सदनिका होत्या.

"पहिला मजला कुणाला?"

"आमाला," चारपाच जणी एकदम म्हणाल्या.

"आमच्या म्हातारीचं गुडघं दुखत्यात, आमाला खालचा द्या."

"तुमची म्हातारी कवा चढून जानार हाय?"

"न्हाई जानार, पर द्यायला काय जातंय?"

"आमास्नी कोपऱ्याचा नगं. भावकीच्या शेजारचा तर आजिबात नगं. हितं बी शेजार त्येचाच, थितं बी त्येचाच?"

पहिल्या मजल्यावरून अर्धा तास भांडण चाललं. चौथ्या मजल्यावर कुणी जायला तयार नव्हतं, कारण चार हा आकडा एका घराला लाभत नव्हता आणि ते सगळ्यांनी ऐकलं होतं. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. ड्रायव्हर टायरला टेकून बसला. बायडाबाईंच्या सुनेला दुसरा मजला आला. तिनं पोटावर हात ठेवून विचारलं, लिफ्ट आहे ना? मी फलक बघून सांगितलं, दोन आहेत.

चाळिसावी सही झाली. मी कागद ड्रायव्हरला देणार, तेवढ्यात बायडाबाई म्हणाल्या, "आनि एक ल्ही."

"कुणाचं?"

"सासऱ्याचं. भैरू."

"ते वारलेत ना, मावशी?"

"मंग? बाकीचे तरी कुठं ऱ्हातात तितं?"

मी एक सदनिका पाहिली. दहाव्या मजल्यावरची, धरणाच्या बाजूची, कारण ती मागायला कुणी आलं नव्हतं. तिच्यापुढे नाव लिहिलं. बायडाबाईंनी ते बोटानं एकेक अक्षर लावत वाचलं, बरोबर आहे म्हणाल्या, आणि पुढे अंगठा उठवला. मग ड्रायव्हरनं पाइप सोडला, आणि पहिल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंतची सगळी बिल्डिंग हंडे घेऊन पळाली.